एकवीस सेकंदांचा गंधार

कृष्णाकाठ विद्यापीठाच्या ध्वनिसंस्कृती अध्ययन केंद्रात त्या बुधवारी सकाळी अकरा वाजता पंडित श्रीपादबुवा हेर्लेकर सत्तावन्न वर्षांनी पुन्हा गाणार होते, आणि त्यासाठी केंद्राने मांडलेला सरंजाम खुद्द बुवांच्या नशिबी हयातीत कधी आला नव्हता. गोल सभागृहात अठ्ठेचाळीस स्पीकर. मधोमध रिकामी बैठक, तिच्यावर पांढरीशुभ्र चादर, लोड आणि बुवांच्या नावाची पितळी पाटी. ही रंगीत तालीम होती. खरा कार्यक्रम शनिवारी, आंतरराष्ट्रीय परिषदेत व्हायचा होता. त्याला ‘मैफल’ म्हणायची केंद्रात बंदी होती. निमंत्रणपत्रिकेवर ‘श्रवण-अवकाशाची पुनर्प्रतिष्ठापना’ असं छापलं होतं, आणि ते वाचून विद्यापीठाच्या शिपायाने मूर्ती कुठल्या देवाची बसवणार म्हणून चौकशी केली होती.

डॉ. चारुशीला उपळेकर पहिल्या रांगेत बसली होती आणि नेहमीप्रमाणे आसपासच्या माणसांचा मनातल्या मनात पाणउतारा करत होती. हा तिचा जुना छंद. तिच्या मते केंद्रातल्या अकरा प्राध्यापकांपैकी नऊ जणांना सूर कळत नव्हता. उरलेल्या दोघांत ती एक होती. दुसरं कोण, हे तिने अजून ठरवलं नव्हतं. शेजारी ध्वनिकलेचे अभ्यागत प्राध्यापक डॉ. बिल्लोरे डुलक्या काढत होते. या गृहस्थांनी गेल्या वर्षी वसतिगृहातल्या एका पंख्याची कुरकुर सहा तास ध्वनिमुद्रित करून ‘पंख्याचं आत्मवृत्त’ या नावाने लोकांना ऐकवली होती. तिच्यावर तीन शोधनिबंध वाचले गेले. पुढे कुणीतरी पंख्याला तेल घातलं, तेव्हा बिल्लोऱ्यांनी लेखी निषेध नोंदवला. केंद्रप्रमुख डॉ. प्रद्युम्न रास्ते यांची गोष्ट निराळी. त्यांना सूर कळत नसे, पण समित्या उत्तम कळत.

आणि या सगळ्यांच्या मागे, काचेआड, ध्वनी-अभियंता जमीर मुल्ला चाळणीपाशी बसला होता.

यंत्राचं खरं नाव ‘ध्वनिविलगक’, पण ते एकट्या रास्त्यांच्याच तोंडी असे. बाकी सगळे त्याला चाळण म्हणत, आणि ते नाव कामाला साजेसं होतं. जुन्या टेपवर सगळे आवाज एकमेकांत कालवलेले असतात. गाणं, तबला, पेटी, तानपुरे, तिसऱ्या रांगेतली शिंक, सगळं एकाच मायक्रोफोनमधून एकाच पट्टीवर उतरलेलं. ते वेगळं करायचं कसं? तर आवाजाला पत्ता असतो. बंद सभागृहात माणूस गातो तेव्हा त्याचा आवाज मायक्रोफोनपर्यंत आधी सरळ येतो. मग तोच आवाज डाव्या भिंतीवर आपटून येतो, मग छतावरून, मग मागच्या दारावरून. या फेऱ्यांमधलं अंतर सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजावं लागतं, आणि गाणारा हातभर सरकला तरी ते बदलतं. कानाला हे कळत नाही; कान सगळ्या फेऱ्यांचा एकच आवाज करून टाकतो. चाळणीला कळतं. पाकिटावरचा पत्ता वाचून टपाल वेगळं काढावं तसं ती प्रत्येक आवाज कुठल्या जागेवरून निघाला ते वाचते आणि जागेप्रमाणे ढीग लावते.

त्यासाठी आधी तिला सभागृहाची ओळख करून द्यावी लागते. आज ऐकवायची बुवांची तोडी १९८४ साली एका साखर कारखान्याच्या सभागृहात झाली होती. त्या सभागृहाचं आता मंगल कार्यालय झालं होतं. जमीरने तिथे दोन दिवस ठिकठिकाणी बसून तीनशे फुगे फोडले आणि प्रत्येक फुग्याचा घुमारा टिपून घेतला. नंतर छताला लावलेली प्लास्टरची नक्षी त्याला गणितातून वजा करावी लागली. कार्यालयाच्या व्यवस्थापकाने त्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या.

शेवटचं काम तेवढं माणसाचं होतं. कुठल्या जागेवर काय होतं, हे चाळणीला तक्त्यात भरून द्यावं लागे. तो तक्ता चारुशीलेने भरला होता, जुन्या कॅसेटच्या वेष्टनावरून. पहिला पत्ता: गायन. दुसरा: तबला. तिसरा: पेटी. चौथा आणि पाचवा: तानपुरे. वेष्टनावर तानपुऱ्यांपुढे ‘शिष्यवर्ग’ एवढंच छापलेलं होतं.

“करू सुरू?” जमीरने विचारलं.

रास्त्यांनी हात जोडून होकार दिला. दिवे मंद झाले, आणि रिकाम्या बैठकीवरून बुवांचा आवाज उठला. फक्त आवाज. ना तबला, ना पेटी, ना टेपची खरखर. चारुशीलेच्या अंगावर काटा आला. तिने ही तोडी तेवीस वर्षांत काही हजार वेळा ऐकली असेल. पण आज बुवांच्या ओठांचं उघडणं-मिटणंसुद्धा कळत होतं. ती डोळे मिटून गंधाराची वाट पाहू लागली.

या गंधारावर तिचं सगळं आयुष्य उभं होतं. द्रुत बंदिशीच्या अखेरीस बुवा तार सप्तकातल्या गंधारावर जाऊन उभे राहतात आणि एकवीस सेकंद तिथून हलत नाहीत. त्यातही आठव्या सेकंदाला काहीतरी होतं. सूर तोच, पण आवाजाचा पोत बदलतो. खादीला आतून रेशमाचं अस्तर लागावं तसा. त्या बदलाला चारुशीलेने नाव दिलं होतं ‘स्वरपालट’. बुवा श्वास न घेता आवाजाचा आधार छातीवरून टाळूकडे नेतात, असा तिचा सिद्धान्त. चारशे बारा पानांचा प्रबंध, त्यात एकशे सहा आलेख. तो पाठ्यपुस्तकात गेला. दहा वर्षांपूर्वी संगीताच्या परीक्षा माणसांकडून काढून ‘स्वरपरीक्षक’ यंत्राकडे दिल्या, तेव्हा वरच्या परीक्षेसाठी त्या यंत्राला माप म्हणून हेच दिलं: एक श्वास, एकवीस सेकंद, आठव्याला पालट. जो जितका जवळ जाईल, त्याला तितके गुण.

बुवा गंधारावर पोचले. एक, दोन, तीन. चारुशीला मनात मोजत होती. सहाव्या सेकंदाला आवाज थरथरला. सातव्याला फाटला.

आठव्याला बुवा खोकले.

चांगले दोन-तीनदा, पोटातून खोकले. मग पेल्याचा आवाज आला. मग अठ्ठेचाळीस स्पीकरांतून पाण्याचे घोट गोल सभागृहभर फिरले. मग छातीतली घरघर, एक दीर्घ सुस्कारा, आणि बाविसाव्या सेकंदाला बुवा काही झालंच नाही अशा थाटात समेवर हजर झाले.

बिल्लोरे जागे झाले आणि टाळ्या वाजवू लागले. त्यांना तो खोकला फार आवडला.

*

“पाचव्या पत्त्यावर काय आहे?” रास्त्यांनी आपल्या खोलीत दार लावून विचारलं.

“तानपुरा,” चारुशीला म्हणाली. “तक्ता मीच भरलाय.”

“तानपुरा गात नाही, मॅडम,” जमीर म्हणाला आणि त्याने बटण दाबलं.

एका बाईचा आवाज. तरुण, भरलेला, किंचित खालच्या पट्टीतला. आठव्या सेकंदापासून एकविसाव्यापर्यंत तार गंधार, खिळा ठोकावा तसा. चाळणीने सांगितल्याप्रमाणे केलं होतं. पाचव्या जागी तानपुरा आहे म्हटल्यावर तिथून आलेला माणसाचा आवाज म्हणजे दुसरीकडून सांडलेला असणार, असं धरून तिने तो ‘गळती’ या खात्यात टाकून दिला होता. या केंद्रात आजवर एकालाही तानपुऱ्यामागे माणूस असतो हे तक्त्यात लिहावंसं वाटलं नव्हतं. वाद्याची नोंद केली की त्यांचं काम संपत असे.

चारुशीलेचे कान गरम झाले. ते रेशमाचं अस्तर, ते तिचं शास्त्र, ते एकशे सहा आलेख. एक बाई होती ती.

“म्हणजे यंत्राने याला गळती म्हटलंय,” रास्ते म्हणाले. त्यांचा चेहरा एव्हाना खुलला होता. “मग प्रश्नच मिटला. गळती उचला आणि पहिल्या पत्त्यावर परत ठेवा.”

“सर, ती बाई आहे,” जमीर म्हणाला.

“जमीर, ते त्या ध्वनीचं तांत्रिक स्वरूप झालं. आपण सांस्कृतिक स्वरूपाबद्दल बोलतोय.” रास्त्यांनी टेबलावरून दोन कागद पुढे केले. “उपळेकर मॅडम, दिल्लीच्या समितीला दोन गोष्टी हव्यात. तज्ज्ञाचा एककंठी दाखला, म्हणजे ‘मी स्वतः ऐकून खात्री केली आहे की हे गायन एकाच कंठातून आलेलं आहे.’ तो तुमच्या सहीने जाईल. या गंधारावर तुमच्याएवढा अधिकार कुणाचा नाही. दुसरं, बैठकीतल्या साथीदारांपैकी कुणी हयात असेल तर त्याचं ना-हरकत पत्र. शनिवारी दोन्ही लागले की ही प्रत राष्ट्रीय प्रमाण-प्रत होते. पुढच्या वर्षापासून देशभरच्या सगळ्या स्वरपरीक्षकांत, पहिलीच्या परीक्षेपासून, हाच गंधार.”

“आणि मी सही नाही केली तर?”

रास्ते मनापासून हसले. “तर स्वरपालट म्हणजे नेमकं काय होतं, हे तुम्हालाच सांगावं लागेल. मला वाटतं, सही सोपी पडेल.”

माणूस मूर्ख होता, पण एवढं त्याला बरोबर कळलं होतं.

व्हरांड्यात जमीर तिच्या मागोमाग आला. तो मिरजेचा, त्याच्या घरात तीन पिढ्या वाद्यांचं काम होतं. “ना-हरकत तर काय, आजसुद्धा मिळेल,” तो म्हणाला. “रत्नाक्का आहेत की मिरजेत. रत्नमाला मगदूम. अजून तानपुऱ्यांची जवारी लावतात.”

“कोण रत्नाक्का?”

“हा आवाज त्यांचाच की, मॅडम. बुवांच्या मागं त्याच बसायच्या. बुवांना दमा होता. वर गेले की यांनी उचलायचं, असं ठरलेलंच. सगळ्या मिरजेला माहितीय.”

“तू हे कधी बोलला नाहीस!”

“तुम्ही कधी विचारलं नाही. मला वाटलं, पुस्तकात असेल.”

चारुशीलेला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. मग तिच्या लक्षात आलं की मिरज तिच्या टेबलापासून अकरा किलोमीटरवर आहे, आणि गेल्या तेवीस वर्षांत या तोडीसाठी ती लंडनला दोनदा, बर्लिनला एकदा जाऊन आली आहे.

*

गुरुवारी दुपारी ती मिरजेला गेली, ती काही प्रायश्चित्त घ्यायला नव्हे. ना-हरकत पत्र आणायला गेली. वाटेत तिने स्वतःची छान समजूत घातली. मागे बसून आवाज देणं ही तर रीतच आहे. शिष्याचा आवाज गुरूचाच मानतात. तेव्हा दाखला खोटा म्हणता यायचा नाही. प्रबंध लिहिणाऱ्या माणसाला सबबींची कधी वाण पडत नाही.

फक्त ईरा मधेमधे येत होती.

ईरा तिची मुलगी. स्वरपरीक्षकाच्या पहिल्याच तुकडीत तिने नाव घातलं होतं, तेव्हा ती सतरा वर्षांची होती. खुद्द स्वरपालटाच्या जननीची मुलगी म्हणून तिच्याकडे सगळ्यांचं लक्ष. चारुशीला तिला पहाटे उठवून गंधारावर उभी करी आणि हातात घड्याळ धरून समोर बसे. एकवीसपर्यंत ती कधी पोचली नाही. “दम नाही तुझ्यात,” चारुशीला म्हणे. “बुवा साठीत गात होते हे.” दोन वर्षांनी ईराच्या स्वरयंत्रावर गाठी आल्या. शस्त्रक्रिया झाली, आवाज बसका झाला तो झालाच. आता ती बंगळुरूला नकाशे काढायच्या कचेरीत होती आणि महिन्यातून एकदा फोनवर आईच्या तब्येतीची चौकशी करत होती. चारुशीलेने गाठींचा दोष ईराच्या आळशीपणाला दिला होता, आणि तसं तिला सांगितलंही होतं.

रत्नाक्कांची कामाची जागा म्हणजे एक लांबट खोली होती. भिंतीला रांगेने तानपुरे टेकवलेले, जमिनीवर भुसा. ऐंशी वर्षांची एक ठेंगणी बाई मांडीवर तानपुरा आडवा घेऊन त्याच्या घोडीवर कानस फिरवत होती. तारा ज्या रुंद पट्टीवरून जातात ती घोडी. तिचा पृष्ठभाग केसाएवढा घासला की तारेला झणकार येतो, तीच जवारी. म्हातारी दोनदा कानस मारी, तार छेडी, भोपळ्याला कान लावी आणि पुन्हा कानस उचली.

“कुनाचा हाय?” तिने मान वर न करता विचारलं.

“तानपुरा नाही आणला, अक्का. मी विद्यापीठातून आले. चारुशीला उपळेकर.”

“मग बस तितं, पोत्यावर. हे हातातलं होऊ दे.”

चारुशीला पोत्यावर बसली. हे होईपर्यंत वीस मिनिटं गेली. मग तिने सगळं सांगितलं: चाळण, पत्ते, खोकला, दाखला. स्वरपालट हा शब्द तिने टाळला. रत्नाक्का चष्म्यावरून तिच्याकडे बघत ऐकत होत्या. शेवटी चारुशीलेने त्यांच्या कानांवर हेडफोन चढवला आणि त्यांचे तेरा सेकंद लावले.

म्हातारी हलली नाही. संपल्यावर बोट फिरवून पुन्हा लाव म्हणाली. तिसऱ्यांदा ऐकून तिने हेडफोन काढला.

“मधी जरा चढलाय,” ती म्हणाली. “बुवा खोकाय लागलं, जीव घाबरला माझा. म्हनून चढला. त्या दिवशी पन मला वाटलं हुतं.”

“छान आहे हो, अक्का.”

“छान न्हाई. बरा हाय. तेवीस वर्साची हुते मी.” तिने हात पुढे केला. “कागद कुटाय तुजा?”

चारुशीलेने ना-हरकत पत्र काढलं. तिने मनाशी मोठी तयारी केली होती. म्हातारी रडेल, चिडेल, हक्क सांगेल. रत्नाक्कांनी कागद वाचलाही नाही. गुडघ्यावर ठेवून सही केली.

“तुमची काही हरकत नाही?”

“कसली? माझं काम हुतं ते. बुवांनी दम सोडला की मी उचलायचं, आनि लोकांच्या कानाला सांधा लागू द्यायचा न्हाई. आवाज पुढं आनायचा न्हाई, मागंच ठेवायचा. बारा वर्सं केलं. समोर बसलेल्यांस्नी दिसायचं की. बुवा पानी पितायत नि गंधार चाललाय, आंधळ्याला बी कळंल.” त्यांनी भुसा झटकला. “तू ती टेप किती वर्सं ऐकतीस म्हनालीस?”

“तेवीस.”

“तेवीस.” म्हातारीने तिच्याकडे नीट पाहिलं. त्यात राग नव्हता. एखादा तानपुरा फुटका निघाला तर गिऱ्हाइकाला सांगण्याआधी कारागीर पाहतो, तसं ते पाहणं होतं. “आनि तुला दोन मानसं गातायत ते ऐकू आलं न्हाई?”

चारुशीलेला सुचलं ते एवढंच की बदल आपल्याला ऐकू आला होता. आठव्या सेकंदाला, बिनचूक. तो बाईचा आवाज असेल अशी शंका घ्यायला कुणीही घेतली असती, कारखान्यातल्या मजुराने घेतली असती. ती घ्यायला आपल्याला लाज वाटली. शंका घेतली असती तर प्रबंध झाला नसता.

“ऐकू आलं,” ती हळूच म्हणाली. “मी त्याला नाव दिलं. मुलांना ते तसं गायला लावलं. एका श्वासात. परीक्षेला आहे ते.”

“एका मानसाला?”

“हो. माझ्या मुलीचा गळा गेला त्यात.”

रत्नाक्कांनी कानस खाली ठेवली. “दोन मानसांचा दम एका पोरीत घालाय निघालीस?” त्या म्हणाल्या, आणि आता मात्र त्यांचा आवाज चढला. “आगं, बुवांनी सुदिक कदी केलं न्हाई ते! आनि तुज्यासारख्यांच्या हातात परीक्षा दिल्यात. ऊठ. जा तुजा कागद घेऊन. मला काम हाय.”

चारुशीला उठली. सही केलेला कागद तिच्या हातात होता. आता तिच्या वाटेत कुणीच उभं नव्हतं, आणि तेच फार वाईट होतं.

*

शनिवारी सकाळी रास्ते नवी शेरवानी घालून दारात उभे होते. परदेशी पाहुण्यांना गजरे वाटले जात होते. चारुशीलेने त्यांच्या हातात दोन्ही कागद दिले.

ना-हरकत पत्र पाहून रास्ते प्रसन्न झाले. मग त्यांनी दाखला उघडला. छापील मजकुरावर काट मारली होती आणि खाली चारुशीलेच्या अक्षरात लिहिलं होतं: ‘हे ध्वनिमुद्रण मी तेवीस वर्षं ऐकलं. त्यात आठव्या सेकंदापासून श्रीमती रत्नमाला मगदूम गात आहेत. मी त्याला स्वरपालट म्हटलं, ते चूक होतं. असा प्रकार कुणाच्याही गळ्यात होत नाही. तो परीक्षेतून काढावा.’

“तब्येत बरी नाही वाटतं तुमची,” रास्ते म्हणाले आणि कागदाची घडी घालून त्यांनी तो शेरवानीच्या खिशात टाकला. “घरी जा. विश्रांती घ्या.”

“परीक्षा मंडळालाही पाठवलंय मी. कालच.”

“काय म्हणाले?”

मंडळाचं उत्तर चार मिनिटांत आलं होतं, यंत्राचंच. आपली सूचना नोंदवली गेली आहे, अभ्यासक्रमाचा पुढील आढावा तीन वर्षांनी. रास्त्यांना ते न सांगताही कळलं. त्यांनी मान वळवून बिल्लोऱ्यांना हाक मारली. “डॉक्टर, एक सही हवीय तुमची. तज्ज्ञ म्हणून.”

“कशावर?” बिल्लोरे लगबगीने आले.

“हे सगळं एकाच कंठातून आलंय, म्हणून.”

“अहो, माझी तर भूमिकाच आहे,” बिल्लोरे पेन शोधत म्हणाले, “की विश्वातले सगळे ध्वनी एकाच कंठातून येतात.” आणि त्यांनी झोकात सही ठोकली.

चारुशीला आत गेली नाही. सभागृहाच्या मागच्या पायऱ्यांवर बसून राहिली. दार बंद होतं तरी अठ्ठेचाळीस स्पीकरांचं गाणं बाहेर येत होतं. तोडी वर चढली. गंधार लागला. सात सेकंद एक दमेकरी म्हातारा जिवाच्या आकांताने गात होता. आठव्याला एका बाईने तो सूर त्याच्या हातून अलगद घेतला. किती उघड होतं ते! एकदा ऐकू आल्यावर आता काही केल्या ते एका माणसाचं वाटेना. आणि आत मात्र तीनशे विद्वान डोळे मिटून, माना हलवत, एकच कंठ ऐकत होते. दोन दिवसांपूर्वीपर्यंत ती त्यांच्यातली सगळ्यांत मोठी विद्वान होती. तिला आता स्वतःचीच किळस आली.

तिने फोन काढला आणि ईराला लावला.

“काय गं? बरी आहेस ना?” ईराचा आवाज. बसका, दोन शब्दांनंतर खरवडणारा. चारुशीलेने गेली आठ वर्षं या आवाजाकडे लक्ष द्यायचं टाळलं होतं.

“ईरा, ऐक. तो गंधार एका माणसाचा नव्हता. दोघं गात होते. आठव्या सेकंदापासून मागे बसलेली एक बाई. काल-परवा कळलं.”

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

“मी परीक्षेला लावलं ते कुणालाच जमलं नसतं. तुझा दम कमी नव्हता. मी खोटं बोलत होते.” सांगायचं ते अजून राहिलं होतं. “बुवांचा गंधार सात सेकंदांचा आहे, ईरा. तू अकरा धरायचीस.”

“अकरा,” ईरा म्हणाली.

“हो. माझ्या वहीत आहे. सतरा वर्षांची असताना. अकरा.”

मग ईराने विचारलं, “मग आता मी काय करू त्याचं, आई?”

चिडून नव्हे. तिने खरंच विचारलं होतं. चारशे बारा पानं लिहिलेल्या बाईकडे यावर एक ओळ नव्हती.

आत गाणं संपलं. टाळ्यांचा कडकडाट झाला, थांबला, पुन्हा उसळला. लोक उभे राहिले असावेत. फोनमधून तो बंगळुरूपर्यंत पोचला.

“एवढ्या टाळ्या कुणाला वाजवतायत?” ईराने विचारलं.

“बुवांना,” चारुशीला म्हणाली.

ईरा हसली. ते हसणंही मधेच फाटलं, आणि तिने फोन ठेवला.